उघडाबंब गृहस्थ

व्हिडिओ गेममधल्या कॉन्ट्राची ओळख करून द्यायची तर पँटपासून सुरुवात करावी लागते, कारण पँटच्या वर त्याच्या अंगावर काहीच नसतं. जंगलात उघडा, धबधब्याखाली उघडा; पाचव्या स्टेजला सगळीकडे बर्फ पसरलेलं असतं, तिथंही स्वारी उघडीबंब. थंडी वाजतेय असं त्याच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही. अर्थात चेहरा असा फारसा नाहीच. तो चार-सहा ठिपक्यांत भागवलाय. दंड काढताना मात्र ठिपक्यांची कंजुषी केलेली नाही. आणि उडी! सरळ उडी त्याला ठाऊकच नाही. गुडघाभर उंचीच्या कट्ट्यावर चढायचं असलं तरी हवेत कोलांट्या घेतल्याशिवाय पाय टेकणार नाही.

माणूस एक नव्हे, दोन आहेत. निळ्या पँटचा बिल आणि लाल पँटचा लान्स. पण ही नावं आमच्या केम गावात कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. आमच्याकडे दोघांनाही कॉन्ट्राच म्हणत. ज्या कॅसेटमध्ये ते राहत तीही कॉन्ट्रा, ते जी लढाई लढत तीही कॉन्ट्रा, आणि भर दुपारी घरातून गायब झालेल्या पोराचा ठावठिकाणाही कॉन्ट्राच.

जन्म १९८७चा, जपानचा. घराणं कोनामीचं. या कंपनीची सुरुवात १९६९ मध्ये ज्यूकबॉक्स भाड्यानं देण्यातून आणि दुरुस्त करण्यातून झाली, तेव्हा नाणं टाका नि करमणूक घ्या हा धंदा त्या घरात मुरलेला. कॉन्ट्राही आधी नाण्यावर चालणाऱ्या उभ्या मशीनमध्येच राहत होता. १९८८ मध्ये त्यानं बिऱ्हाड हलवलं आणि निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या खोक्यात आला. हे बिऱ्हाड त्याला मानवलं. मशीनवाल्यापेक्षा घरातला कॉन्ट्रा सरस, असं तिकडचे जाणकारही मानतात. मशीनवाला थोरला असूनही त्याची चौकशी आज फारसं कुणी करत नाही.

आपल्याकडे तो आला तो मात्र चोरवाटेनं. निन्टेन्डोच्या खोक्याच्या नकला आशियाभर निघाल्या आणि नव्वदच्या दशकात आपल्या बाजारात पसरल्या. कुणाकडे 'मीडिया'चा, कुणाकडे 'टर्मिनेटर', पुढे मुंबईच्या मिताशीचा. खोक्याला सगळे 'व्हिडिओ गेम' म्हणत, हातातल्या बटणांच्या पट्टीला 'रिमोट', आणि पिवळ्या प्लॅस्टिकच्या चौकोनाला 'कॅसेट'. केम म्हणजे करमाळा तालुक्यातलं कुंकवाचं गाव. दौंड-सोलापूर मार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मधलं स्टेशन, जिथून बहुतेक मेल-एक्स्प्रेस न थांबता धूळ उडवत निघून जातात. इथलं कुंकू देवळादेवळांत पोचतं. उलट्या दिशेनं, पॅसेंजरनं, कुणाच्या तरी शर्टाच्या खिशात बसून कॉन्ट्रा आला. कुर्डुवाडीहून, बार्शीहून, कुणाच्या मामाकडून सोलापूरहून. सोबत पुस्तिका नाही, डबा नाही, बिल नाही. (पावती म्हणतोय मी. निळ्या पँटवाला बिल आत होताच.)

पुस्तिका नसणं हे पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ. कारण स्वतःबद्दल बोलण्याच्या बाबतीत हा गृहस्थ कमालीचा घुमा. मूळ जपानी कॅसेटमध्ये दोन स्टेजच्या मध्ये नकाशे आणि चित्रं होती, थोडीफार गोष्ट होती, झाडं हलायची, बर्फ पडायचं. अमेरिकेला जाताना ते सगळं काढून टाकलं. गोष्ट अशी की सन २६३३, न्यूझीलंडजवळची गालुगा नावाची बेटं, तिथं परग्रहावरून येऊन बसलेला रेड फाल्कन आणि त्याची फौज, आणि ती निपटून काढायला पाठवलेले हे दोन वीर. अमेरिकेतल्या पुस्तिकेनं तर साल आणि जागा दोन्ही बदलली. तिथं हीच लढाई आजच्या काळात, अॅमेझॉनच्या जंगलात होते. म्हणजे आपण नेमके कुठं नि कधी लढतोय, याबद्दल खुद्द कॉन्ट्राच्या घरच्यांचंही एकमत नव्हतं.

केमनं मग स्वतःच ठरवलं. पहिली स्टेज: हिरवीगार झाडी, खाली पाणीच पाणी. म्हणजे कोकण. पावसाची वाट बघणाऱ्या तालुक्यातल्या पोराला एवढी हिरवळ एकत्र दिसली की दुसरं काय सुचणार? बर्फाची स्टेज म्हणजे काश्मीर. त्यात कारगिल नुकतंच होऊन गेलेलं, तेव्हा पळत येणारे शिपाई कोण, हे विचारायची कुणाला गरजही वाटली नाही. ज्यांच्या लाइफ आठव्या स्टेजपर्यंत पुरल्या त्या मोजक्यांची मात्र पंचाईत झाली. तिथं भिंतींना मांस फुटलेलं, अंड्यांतून वळवळ बाहेर पडतेय, आणि शेवटी एक भलं मोठं काळीज, धडधडणारं. हे काळीज कुणाचं, यावर उत्तरेश्वराच्या देवळाच्या ओट्यावर बैठका झाल्या. राक्षसाचं, असा निकाल लागला. परग्रहावरच्यांनी पृथ्वीवर स्वारी केलीय, ही मूळ बातमी आमच्यापर्यंत आलीच नाही. आली नाही म्हणून अडलंही काही नाही.

आता त्याचा डौल बघा. कॅसेटवर '९९९९ इन वन' असं छापलेलं असायचं. चालू केलं की लांबच लांब यादी यायची आणि तिच्यात हा पठ्ठ्या निदान दहा ठिकाणी. कधी साधा कॉन्ट्रा, कधी सुपर कॉन्ट्रा, कधी नावात एखादा आकडा, कधी स्पेलिंगची मोडतोड. प्रत्येक नाव दाबलं की बाहेर तोच यायचा. फार तर एकात तिसऱ्या स्टेजपासून, एकात भारी बंदूक आधीच हातात, एकात तीस लाइफ. मारिओसारखा सालस माणूस त्याच कॅसेटमध्ये राहायचा, टँकवाला होता, बदकं होती, सर्कस होती, पण स्वतःची एवढी नावं लावून घ्यायची हौस दुसऱ्या कुणाला नव्हती. कॅसेटवरच्या चित्राशी आतल्या मालाचा संबंध असेलच असंही नाही. परदेशातल्या डब्यावर बॉब वेकलिन नावाच्या चित्रकारानं काढलेले दोन दणकट वीर होते, आणि 'प्रिडेटर' सिनेमातल्या अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या पवित्र्यांवरून ते काढलेत, हे जाणकाराला लगेच कळे. आपल्याकडच्या स्टिकरवर जो नट छापणाऱ्याच्या हाताशी लागेल तो.

रुसणं हा त्याचा दुसरा गुण. कॅसेट घातली, बटण दाबलं, की कधी नुसता राखाडी पडदा, कधी पडद्यावर उभ्या-आडव्या पट्ट्या, कधी अर्धा कॉन्ट्रा वर आणि अर्धा खाली. मग कॅसेट उपसायची, तोंडाशी धरायची आणि फुंकर मारायची. फुंकर मारण्याचेही दर्दी असत. एकदम जोरात नको, ओली तर अजिबात नको, डावीकडून उजवीकडे एका दमात. खरं म्हणजे फुंकरीनं काही होत नाही. काढून पुन्हा घातल्यानं आतल्या धातूच्या पट्ट्या नीट टेकतात, एवढंच. तोंडाच्या वाफेनं उलट त्या खराब होतात आणि निन्टेन्डोनं तसं बजावलेलंही होतं. पण मिनतवारी केल्याशिवाय कॉन्ट्रा येत नाही, अशी पक्की समजूत होती, आणि येताना तो इतक्या थाटात यायचा की समजूत बदलायची इच्छाही होत नसे. उजवीकडून पडद्यावर घसरत येणारी ती अक्षरं आणि सुरुवातीचा तो ठणठणीत बाजा. आजही चाळिशीच्या आसपासच्या कुणासमोर वाजवून बघा. हातातला चहा तो खाली ठेवतोच.

एवढे दंड आणि जीव मात्र किडामुंगीचा. गोळी लागली, मेला. शिपायाचा नुसता धक्का लागला, मेला. बरं, मरणंही शांतपणे नाही. मागे भिरकावला जाऊन आडवा होणार. लाइफ तीन, त्या संपल्या की मोजकी कंटिन्यू, आणि त्याही संपल्या की पुन्हा कोकणातून सुरुवात. दंड कमावले ते मग कशासाठी, हा प्रश्न माझ्या माहितीतल्या एका तालमीतल्या माणसानं विचारला होता. त्याला उत्तर कुणी दिलं नाही.

बंदुकीच्या बाबतीत तर स्वभाव आणखी चमत्कारिक. हवेतून उडत जाणारी डबी फोडली की एक अक्षर खाली पडतं. 'एस' मिळालं की राज्य मिळालं. एका वेळी पाच गोळ्या, पंख्यासारख्या पसरत जाणाऱ्या. 'एम' म्हणजे मशीनगन, बोट दाबून धरलं की झालं. प्रपंची माणसाला पुरेशी. 'एफ' म्हणजे गरगरत जाणारा आगीचा गोळा, दिसायला मोठा, कामाला यथातथा. 'एल' म्हणजे लेझर, आणि ती फक्त धीराच्या माणसानं घ्यावी, कारण घाईनं पुन्हा बटण दाबलं की आधीची किरणरेषाच विरून जाते. आमच्याकडे धीराची माणसं नव्हती. 'एस' हातात असताना चुकून 'एल'वर पाय पडला की घरात सुतक. आणि मेलं की सगळं जप्त; जन्मतःची टुकूटुकू बंदूक घेऊन पुन्हा उभे राहा. एका खंडेनवमीला रिमोटला हळदकुंकू वाहिलेलं मी पाहिलंय. शस्त्र म्हणजे शेवटी काय, ज्याच्यावर आपला जीव अवलंबून ते.

कुंकवाचा त्याच्याशी आणखीही एक संबंध आला. दोन रिमोटपैकी एक नंबरचा कुठला हे ओळखायला त्याला कुंकवाचं बोट लावून ठेवत. पण खरा गोंधळ रिमोटचा नव्हताच, पडद्याचा होता. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. निळी पँट राखाडी, लाल पँटही राखाडी. दोन सारखे उघडे बाप्ये पडद्यावर पळतायत, आणि त्यातला आपला कुठला हे दोघांनाही माहीत नाही.

"उडी मार बघू."

"मारली."

"आरं मग ह्यो मी. आन् मेला त्यो कोण?"

"त्यो तूच."

"मी कसा? मी आत्ता उडी मारली की!"

कलर टीव्ही आला तेव्हा गावात टीव्हीवर सिनेमा रंगीत दिसला याचं कौतुक मोठ्यांना झालं. पोरांनी पहिल्यांदा काय पाहिलं असेल, तर आपण इतकी वर्षं कोण होतो ते.

त्याचा खरा तिढा कळतो तो तिसऱ्या स्टेजला. इथवर लढाई डावीकडून उजवीकडे (दुसऱ्या स्टेजला सरळ समोर, भिंती फोडत). तिसऱ्याला धबधबा येतो आणि वर चढायचं असतं. पडदा वर सरकतो तो पुढच्या गड्याबरोबर. मागं राहिलेल्याच्या पायाखालचा दगड पडद्याखाली गेला की तो गेला. शत्रूची गोळी लागायची गरज नाही, मित्राची घाई पुरते. केमातली निम्मी भांडणं या धबधब्यावर झालेली आहेत. "थांब की लेका, वर पळू नगंस!" हे वाक्य रस्त्यावर ऐकू आलं की आत कुठली स्टेज चाललीय ते बाहेरच्याला समजे. डावपेच म्हणतात ते इथं. कुणी आधी चढायचं, कुणी खालचे दगड सांभाळायचे, आगीच्या गोळ्याला कुणी आधी सामोरं जायचं. थोरला भाऊ नेहमी पुढे पळतो, हे माझं निरीक्षण आहे, आणि धाकट्यांनी ते एकमतानं मंजूर केलेलं आहे.

पहिल्या स्टेजच्या पाण्यातही असाच एक डाव आहे. पाण्यात उतरून खालचं बटण दाबलं की गडी पुरता बुडी मारतो आणि वरून गोळ्या गेल्या तरी त्याला काही होत नाही. फक्त त्या वेळात त्याला स्वतःलाही गोळी झाडता येत नाही. अंगावर बेतलं की पाण्यात बसून राहणारा आणि सोबत्याला एकटं लढायला लावणारा एक गडी प्रत्येक गल्लीत होता. त्यातले काही पुढे राजकारणात गेले.

आणि लाइफची उसनवारी. एकाच्या लाइफ संपल्या की बटण दाबून दुसऱ्याच्या खात्यातून घेता येते. परवानगी लागत नाही, हे विशेष. हे कर्ज सोसायटीच्या कर्जाच्या जातीचं: घेणारा हक्कानं घेई, देणारा बघत राही, आणि परतफेडीचा विषय काढणं असभ्य मानलं जाई. खेळगड्याच्या चार लाइफ खाऊन त्याच्याआधी मरणारा माणूस कसा असतो, हे ज्यानं कॉन्ट्रा खेळलाय त्याला सांगावं लागत नाही.

गावातल्या टीकाकारांचं काय म्हणणं होतं? आयांचा आक्षेप तांत्रिक होता: गेम लावला की टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते. याला पुरावा कुणी मागितला नाही, पण रविवारी चार वाजता सह्याद्रीवर मराठी सिनेमा सुरू व्हायच्या आधी पिक्चर ट्यूबची काळजी हटकून उफाळून यायची. वडिलांचा आक्षेप अॅडॉप्टरवर: हात लावला तर चटका बसतो, हे जळणार. सगळ्यात मुद्द्याचं बोलले ते एक आजोबा. बाजेवर पडून त्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, "ह्यो निघालाय कुठं?" उजवीकडं, असं सांगितलं. "आन् परत कवा येतो?" परत येत नाही. "घरदार न्हाई व्हय त्येला?" पोरं गप्प. कॉन्ट्रावर इतकं अचूक परीक्षण मी नंतर कुठल्याही मासिकात वाचलं नाही. मागं वळून जायची सोयच त्यात नाही. पडदा एकदा पुढे सरकला की मागचं मिटलं.

मासिकवाल्यांनीही अर्थात खूप लिहिलं. अमेरिकेत त्याचं कौतुक दोन कारणांनी झालं: दोघांनी मिळून खेळायची मजा, आणि अवघडपणा. आजवरच्या सगळ्यात कठीण खेळांच्या याद्या निघतात तेव्हा त्याला मानाचं पान असतं. आणि गंमत अशी की याच कठीण माणसाला वश करायचा मंत्र सगळ्या जगाला पाठ. वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए, मग स्टार्ट. की तीनच्या जागी तीस लाइफ. हा मंत्र मुळात कॉन्ट्रासाठी नव्हताच. काझुहिसा हाशिमोतो हे कोनामीचे गृहस्थ 'ग्रेडियस' नावाचा दुसरा खेळ घरगुती खोक्यासाठी बसवत होते, १९८६ मध्ये. तो तपासताना त्यांना स्वतःलाच पार करता येईना, म्हणून त्यांनी ही चोरकळ ठेवली, आणि ती काढायची राहून गेली. कॉन्ट्रात ती आली आणि अजरामर झाली. हाशिमोतो २०२० मध्ये गेले तेव्हा जगभरच्या लोकांनी हीच बटणं लिहून श्रद्धांजली वाहिली. आपल्याकडे मंत्राची फारशी गरज पडली नाही. कॅसेट छापणाऱ्यांनी तीस लाइफ यादीतच घालून दिल्या होत्या. चोरीच्या मालाला अशी एक उदार बाजू असते.

युरोपात मात्र त्याची वेगळीच फजिती झाली. जर्मनीत माणसांनी माणसं मारायच्या खेळांवर डोळे वटारलेले, म्हणून १९९० मध्ये तो तिथं 'प्रोबोटेक्टर' या नावानं आणि पत्र्याचं अंग घेऊन गेला. दोघेही वीर यंत्रमानव, समोरचे शिपाईही यंत्रमानव. ज्याच्याकडे दाखवण्यासारखे दंड सोडून काही नाही, त्याला पत्रा चढवायचा! केममध्ये त्याला निदान असं कुणी झाकून ठेवलं नाही.

पण खरा समीक्षक म्हणायचा तर लोडशेडिंग. या खेळात कुठं थांबून मग पुढे चालू करायची सोय नाही. बसलात की एका बैठकीत काळजापर्यंत जायचं. हात बसलेल्या माणसाला अर्धा तास पुरतो, तेवढा वेळ वीज टिकणं हीच काय ती लढाई. २००५ नंतरची काही वर्षं आठवा; खेड्यात बारा-बारा तास वीज नसायची. पोरं पुस्तकांच्या वेळापत्रकापेक्षा वायरमनचं वेळापत्रक चांगलं पाठ करत. सहाव्या स्टेजला त्या ज्वाळांच्या मधून नेमक्या क्षणी पळायचं असतं. दोघांच्या मिळून दोन लाइफ उरल्यात, 'एस' हातात आहे, श्वास रोखलेला आहे, आणि पंखा हळू होत होत थांबतो. पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका राहतो, तोही विझतो. वीज आली की पुन्हा कोकण. रेड फाल्कनला आपली फौज वाया घालवायची तशी गरजच नव्हती. दुपारी जरा वायरमनला गाठलं असतं तरी पृथ्वी त्याची होती.

आता त्याच्या गोतावळ्याबद्दल थोडं सांगायला हवं; आणि थोडंच, कारण काही मंडळींचं नाव काढण्यात अर्थ नाही. १९९२ मधला तिसरा कॉन्ट्रा बापाचं नाव राखणारा निघाला. त्यानंतर घराण्याला त्रिमितीचं खूळ लागलं. १९९६ मधल्या 'लेगसी ऑफ वॉर'सोबत लाल-निळ्या काचांचा चष्मा देत होते, तो घालूनही लोकांना त्यात काही बघण्यासारखं दिसलं नाही. २०१९ मध्ये 'रोग कॉर्प्स' म्हणून एक वंशज आला, त्याला समीक्षकांनी आणि खेळाडूंनी मिळून असा धुतला की दोघांचं एवढं एकमत क्वचितच झालं असेल. २०२४ मध्ये 'ऑपरेशन गालुगा' आला. मूळ गोष्ट पुन्हा सांगणारा, नीटनेटका, बऱ्यापैकी नावाजलेलाही. त्यात एका फटक्यात मरायचं की थोडा मार सोसायचा, हे खेळणारा स्वतः ठरवू शकतो. माझ्या मते इथं तो घसरला. कॉन्ट्राला असं विचारून चालत नाही. तो सांगतो आणि आपण ऐकतो.

मधल्या काळात गावात मोबाइल आला, पबजी आला, २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारनं तो बंद केला, पुढे नाव बदलून परतला. शंभर माणसं एका बेटावर उतरतात, बोलायला कानात माइक, बंदुकांची नावं तर ढीगभर. त्याबद्दल माझी तक्रार नाही. एकच फरक नोंदवतो. तिथं मेलात तर कुठल्या गावच्या कुणी मारलं ते कळत नाही. कॉन्ट्रात मरायला कारणीभूत झालेला माणूस मांडीला मांडी लावून बसलेला असायचा आणि त्याला तिथल्या तिथं रट्टा देता यायचा.

तुम्हाला त्याला भेटायचं असेल तर पिवळी कॅसेट शोधत फिरू नका. मिळालीच तर खोका चालणार नाही आणि खोका चालला तर टीव्हीला मागं ती पिन नसेल. २०१९ मध्ये कोनामीनं 'कॉन्ट्रा अॅनिव्हर्सरी कलेक्शन' काढलंय, त्यात मशीनवाला थोरला आहे, घरातला आहे, झाडं हलणारा जपानी आहे, आणि पत्र्याच्या अंगाचा युरोपी भाऊबंदही आहे. संगणकावर चालतं. त्यात मध्येच थांबून तिथूनच पुढे खेळायची सोयही दिलीय. ती वापरायची की नाही हा तुमचा प्रश्न. एकट्यानं मात्र जाऊ नका, दुसरा गडी सोबत घ्या. पहिल्या स्टेजला 'एस' पडलं तर त्याला घेऊ द्या. आणि धबधब्यापाशी पोचलात की वर पळू नका, तो दगडावर येईपर्यंत थांबा.